दहा बाय बाराची खोली

"ओ मॅडम, भिंतीतून कुटं चाललाय?"

भुवनेश्वरी जागीच थबकली. भिंत? बंद पडलेल्या गिरणीची चाळ पाडून दोन वर्षं झाली होती. एक कडुनिंब सोडला तर सगळं मोकळं मैदान. आत्ताच तर तिनं वहीत लिहिलं होतं — 'रिकामा प्लॉट'. मग तिनं खाली पाहिलं. कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी पांढरी फक्की मारून जमिनीवर चौकोन आखला होता, आणि तिचा एक पाय रेषेच्या अलीकडे होता, एक पलीकडे.

"दार तिकडं हाय," हातात टेप धरलेला तरुण गंभीरपणे म्हणाला. "आनि चप्पल भाईर."

हसावं की रागवावं ते तिला कळेना. पण आतली तीन-चार माणसं अशी बघत होती की तिनं मुकाट्यानं वळसा घातला, चप्पल काढली आणि दारातून आत आली.

तो संगमेश. दिवसा चादरीच्या कारखान्यात डिझाइनं काढायचा, संध्याकाळी हौशी मंडळींना घेऊन नाटक बसवायचा. नाटक या चाळीवरच होतं, आणि तालमीची खोली आखली होती ती त्याचं स्वतःचं घर जिथं उभं होतं, नेमकी तिथं. वाऱ्यानं फक्की उडायची, म्हणून रोज टेप लावून नव्यानं आखायची. दहा बाय बारा. ही मोरी, ही खिडकी, ही शेगडी, हा आईचा कोपरा. आईनं त्याच कोपऱ्यात डोळे मिटले, हे त्यानं तिला आठवडाभरानं सांगितलं.

भुवनेश्वरी अक्कलकोटची. शहरातल्या जागा आणि नाटक हा तिच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय. एका भेटीत उरकणारं काम तिनं दोन महिने पुरवलं... रोज सहाला यायची, दाराशी चप्पल काढायची. ती आली की संगमेश गुंडाळलेला टेप उगाच सोडून पुन्हा गुंडाळत बसायचा.

"तुमच्या पुस्तकात काय म्हनतेत, आमच्या खोलीबद्दल?" त्यानं एकदा विचारलं.

"जागा आयती मिळत नाही म्हणतात. तिथं राहणारी माणसं ती घडवतात."

"आमची कंपनीनं बांधली. आमी आठ जन ऱ्हायलो, तरी एका इंचानं वाढली न्हाय की."

वहीतला 'रिकामा प्लॉट' तिनं त्या दिवशी खोडला.

मापाच्या बाबतीत तो भलता हट्टी. नाटकात वडलांचं काम करणारे जोतिरामकाका अंगानं भारी. वळताना त्यांचा पाय हटकून रेषेवर पडायचा.

"अरे, अर्धा फूट सरकव की भिंत," ते काकुळतीला यायचे.

"न्हाय काका. होती तेवढीच ठेवायची."

आणि पुसलेली रेष पुन्हा आखायचा.

मग हैदराबादच्या विद्यापीठाचं पत्र आलं. पीएच.डी.ला प्रवेश, चार वर्षं, सोमवारी हजर व्हायचं. तिनं सांगितलं तेव्हा तो फक्की चाळत होता.

"लई चांगलं झालं," तो म्हणाला. मान वर केली नाही.

बस्स, एवढंच? त्यानं 'जाऊ नका' म्हटलं असतं तर तिला राग आला असता. पण तो फक्की चाळतच राहिला, आणि ते तिला जास्तच लागलं. या माणसावर आपण प्रेम करतो, हे तिनं स्वतःशी कधीच कबूल केलं होतं. दोन महिने जपलं ते एकटीनंच की काय, हे कळल्याशिवाय तिला गाडीत बसवणार नव्हतं.

शनिवारी ती निरोप घ्यायला तासभर आधीच आली. जोतिरामकाका कडुनिंबाखाली शेंगा फोडत बसले होते.

"पोरी, तूच इचार ह्याला," ते कुरकुरले. "मी दोन म्हैनं अर्धा फूट मागतोय. आज ह्यानं आपल्या मनानंच तीन फूट सरकवली."

तिनं पाहिलं. खिडकीकडची रेष खरंच बाहेर गेली होती. वाढलेल्या जागेत एक लहान चौकोन आखला होता, आणि संगमेश त्याच्यापाशी फक्कीनं पांढरे झालेले हात झटकत उभा होता.

"हे काय?"

"टेबल." तो घुटमळला. "तुमची पुस्तकं लई... चार वर्षांत अजून वाढतील. बसतेत का बघा."

"खोली होती तेवढीच ठेवायची होती ना?"

"आईची होती तेवढी. ही —" त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "ही आपली हाय. तुमी हो म्हनला तर."

जोतिरामकाकांचं शेंगा फोडणं थांबलं.

भुवनेश्वरी वळसा घालून दाराशी गेली. चप्पल काढली, आत आली, टेबलाजवळ उभी राहिली. वाऱ्यानं एका कडेची फक्की उडायला लागली होती.

"हे उद्या राहायचं नाही," ती हळूच म्हणाली.

"रोज आखीन की."

"चार वर्षं?"

"व्हय."

डोळे पुसत तिनं हात पुढे केला. "टेप द्या इकडं. तीन फूट पुरायचे नाहीत. मी वाचत बसले की तुम्ही कुठं बसणार?"

त्यानं टेपचं टोक तिच्या हातात दिलं, आणि दुसरं धरून तो भिंतीकडे निघाला.