बारशाआधीचे नाव

हिरणगडाच्या पूर्वेकडच्या बुरुजावर उन्हाची पहिली तिरीप पडली, नगारखान्यात चौघडा झडू लागला, पाणवठ्यावर घागरी वाजल्या, आणि तरीही खालच्या पेठेतून माणसाचा आवाज म्हणून उठला नाही. कारण गेले वर्षभर त्या पेठेतली माणसे मीठ मागायचे झाले तरी खुणेनेच मागत होती. चुलीपाशी नवऱ्याशी बोललेले दुपारी कोतवालीत ऐकवले जाई. सामाईक भिंतींत बोटभर भोके पाडून पलीकडे दिवाणांची माणसे बसतात, अशी कुजबूज होती, आणि ती कुजबूजही कोणी घरात करत नसे.

उघड विचारले ते एकट्या नारोपंतांनी. शिळाछापावर निघणाऱ्या आपल्या ‘गडवार्ते’त त्यांनी छापले: ‘रयतेच्या घरात कान लावण्याचा हुकूम कोणाचा? त्यावर श्रीमंतांचे मोर्तब असल्यास ते चावडीवर लावावे.’ दिवाण अंताजीपंतांनी उत्तर धाडले की अशी माणसेच नाहीत. नारोपंतांनी आज भरदरबारी पुरावा द्यावा, नाहीतर छापखाना जप्त आणि पंत हद्दपार.

“साक्षीदार मिळाला?” पगडी पुढे करत नारोपंतांच्या पत्नी सगुणाबाईंनी विचारले. पंतांनी नकारार्थी मान हलवली.

“मग मी आणि सासूबाई सज्जात येऊन बसतो. हाकलणारच असतील तर आम्हालाही तिथेच कळू दे. घरी येऊन पुन्हा सांगत बसू नका.”

पंत हसले. त्या घरात महिन्याभरात कोणी हसले नव्हते. सगुणाबाईंची पहिलीच मुलगी बारशाआधी गेली होती.

दरबार भरला. भालदार-चोपदारांच्या ललकाऱ्या झाल्या, श्रीमंत मसनदीवर बसले, आणि पंतांचे नाव पुकारले जाताच दिवाण उठले. हिरणगडाचा रिवाज असा की ज्याच्या घरी मृत्यू घडला, त्याला आधी दुखवट्याचे वस्त्र द्यायचे, गेलेल्याचे नाव घेऊन. मग त्याला सुळी द्यायचे असले तरी चालेल. अंताजीपंत रिवाजाला फार जपत.

“सरकार,” वस्त्राचे तबक पंतांपुढे धरत ते गहिवरल्या स्वरात म्हणाले, “आमचा यांच्याशी वाद आहे, वैर नाही. यांची कन्या केतकी अकाली गेली. दौलतीच्या वतीने हा दुखवटा.”

पंतांनी पुढे केलेले हात तसेच राहिले. वर सज्जात बांगड्या वाजल्या. आणि त्या दरबारात जे कधी घडले नव्हते ते घडले: चिकाच्या पडद्याआडून बाईमाणूस बोलले.

“दिवाणसाहेब, ते नाव आपणांस कोणी सांगितले?”

सभेत चुळबूळ झाली. चोपदार पुढे सरसावला, पण श्रीमंतांनी हात वर केला.

“सुईण सांगती झाली असेल,” दिवाण म्हणाले. “बायकांच्या गोष्टी. पसरतात.”

“सुईण गेल्यावर आम्ही दोघांनी नाव ठरवले. बारसे झालेच नाही, तेव्हा ते कोणाच्या कानी घातले नाही. मूल गेल्यावर रिकाम्या पाळण्याशी बसून मी ते घेत असे, भिंतीकडे तोंड करून, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. माझ्या सासूबाई इथेच आहेत. त्यांना विचारावे.”

मग म्हातारा, बसका आवाज आला.

“सरकार, माझ्या नातीचं नाव मला आत्ता कळलं. दिवाणांच्या तोंडून.”

नारोपंतांनी तबक बाजूला सारले. “माझा साक्षीदार आला, महाराज. आता हुकूम कोणाचा, एवढेच विचारणे आहे.”

पेठेतल्या घराघरांतल्या गमतीजमती रोज फराळाच्या वेळी श्रीमंतांच्याही कानी येत, आणि कुठून येतात हे त्यांनी कधी विचारले नव्हते. आज ते दिवाणांकडे पाहू शकले नाहीत आणि सज्जाकडे तर नाहीच.

“असे मोर्तब आम्ही केलेले नाही,” ते हळू म्हणाले. “हेच छापा. आणि आम्ही विचारले नाही, हेही छापा.”

अंताजीपंत काशीयात्रेस गेले. पालखी आणि तनखा मात्र घेऊन, कारण मोठ्या माणसांना हाकलायचीही एक रीत असते. गवंड्यांनी दिवसाढवळ्या भोके बुजवली. एवढी निघाली की चुना कमी पडला.

अंक शिळेवर चढण्यापूर्वी पंतांनी विचारले, “तिचे नाव घालू का?”

“घाला,” सगुणाबाई म्हणाल्या. “चोरांनी वाटून झालंय. आता आईबापांनी वाटावं.”

पेठ पुन्हा बोलू लागली, भांडूही लागली. सगुणाबाई मात्र त्या घरात ते नाव पुन्हा घेऊ शकल्या नाहीत. फार आठवण आली की त्या गडामागच्या उघड्या माळावर जात, जिथे भिंत नाही, झाडही नाही. तिथेही तोंड उघडण्याआधी त्या मागे वळून पाहत, आणि बहुतेक वेळा तशाच परत येत.