भाऊची सायकल आणि रिकामं पिंप

इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी संपली की ती सायकल राहत नाही, म्हैस होते. अशी म्हैस ढकलत भाऊ द्राक्षमळ्यांमधला चढ चढत होता आणि मनातल्या मनात शिव्या मोजत होता. पहिली सायकलीला, दुसरी चढाला आणि उरलेल्या सगळ्या स्वतःच्या सख्ख्या बहिणीला. सायकलवरून द्राक्षमळे बघायची टूम तिचीच होती.

बहीण, म्हणजे ताई, शेजारून हळूहळू पायडल मारत होती. ताई खाजगी गुप्तहेर होती आणि भाऊचं चष्म्यांचं दुकान होतं. जगाला चष्मे विकतो आणि स्वतःला नाकापुढचं दिसत नाही, असं ती त्याच्याबद्दल पाहुण्यारावळ्यांत सांगायची. तरी प्रत्येक तपासाला त्यालाच सोबत न्यायची. आज तपास नव्हता, सुट्टी होती. निदान दुपारचं जेवण होईपर्यंत तरी होती.

"सकाळी तुझी बॅटरी भरलेली होती ना?" ताईने विचारलं.

"काठोकाठ. आणि मी चालवतो सगळ्यात कमी जोरावर. तो टर्बो का काय, तो आपल्याला झेपत नाही." भाऊ धापा टाकत होता. "पण आत्ता चढ लागला आणि ही बया घोड्यासारखी उसळली. मी बटणाला बोटही लावलं नव्हतं. शंभर पावलं पळाली आणि मेली."

जेवल्यापासून ही सायकल आपल्याशी वैर धरून आहे, असं त्याचं म्हणणं होतं. मघाशी उतारावर ब्रेक दाबून थांबला तर पाय जमिनीला टेकेनात, सरळ आडवाच झाला होता. ढोपर सोललं होतं. जेवून माणूस जाड होतो हे त्याला माहीत होतं, पण बुटकाही होतो हे नवीन होतं.

ताई हसली नाही. सायकलवरून उतरून तिने त्याच्या सीटखालच्या दांड्याकडे नुसतं बघितलं आणि पुन्हा चालू लागली. भाऊला याचाच राग यायचा. बघायचं सगळं आणि सांगायचं काही नाही.

वर वळणावर त्यांची गाईड उभी होती. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, चणीने लहानखुरी, सकाळी चिमणीसारखी बडबडणारी ही मुलगी आता डोळे पुसत होती.

झालं होतं ते असं. सकाळी गाईडने सगळ्यांना टेकडीच्या पायथ्याशी असलेलं वायनरीचं तळघर दाखवलं होतं. वाईन भरलेली लाकडी पिंपं तिथे आडवी, ओळीने झोपली होती. लाकूड थोडी थोडी वाईन पीत असतं, म्हणून पिंप वरून सारखं भरत राहावं लागतं, नाहीतर आत हवा शिरते, असं तिने सांगितलं तेव्हा "म्हणजे इथे पिंपंसुद्धा पितात" असा विनोद भाऊने केला होता आणि त्यावर एकटाच हसला होता. कोपऱ्यातलं एक पिंप खास होतं. वायनरीच्या मालकीणबाईंच्या यजमानांनी जाण्याआधी स्वतःच्या हाताने भरलेलं ते शेवटचं पिंप. ते चाखायला उद्या एका स्पर्धेचे परीक्षक येणार होते.

मग तळघराला कुलूप लावून सगळे टेकडीवरच्या मालकीणबाईंच्या घरी जेवायला गेले. जेवण चांगलं लांबलं. नंतर बाटल्या घ्यायला पुन्हा खाली येऊन दार उघडलं तर खास पिंपाची तोटी उघडी, पिंप रिकामं आणि जमिनीवरून लाल ओघळ मोरीकडे गेलेले.

मालकीणबाई गाडीने खाली आल्या, बघितलं आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. सकाळी पिंप दाखवताना या मुलीनेच तोटी सैल ठेवली, हे त्यांनी मळ्यातून धावत आलेल्या कामगारांसमोरच ठरवून टाकलं. सगळ्यांना वर घरी बोलावलं. सायकली परत जायच्या आत त्या सहलीच्या कंपनीला फोन करणार होत्या. फोन झाला की मुलीची नोकरी गेली.

"मी वर्षभर तिथे नुसत्या सायकली धुतल्या, ताई," गाईड म्हणाली. "कुठे आता स्वतःच्या सहली न्यायला मिळू लागल्या. मी तोटीला हात लावला नाही. कुलूप पण लावलं. पण माझं कोणी ऐकूनच घेत नाहीये. तुम्ही हेरगिरी करता ना? मग काहीतरी करा."

"करते," ताई म्हणाली. "आधी सांग, याची सीट कोणी बसवली होती?"

भाऊने कपाळावर हात मारला. मुलीची नोकरी चालली आहे आणि हिला सीट सुचते आहे. पण गाईडने सरळ उत्तर दिलं. सकाळी प्रत्येकाचे पाय टेकतील अशी सीट ती स्वतः बसवते. भाऊंची तर सगळ्यात खाली होती.

"आणि जेवताना सायकली कुठे होत्या?"

घरामागच्या छपरीत. सीट खालीवर करणं सोपं, एक खटका सोडला की झालं. पण किल्ली काढून ठेवली की मोटर चालत नाही, आणि किल्ल्या काढा म्हणून तिने दोनदा बजावलं होतं. हे ऐकून भाऊ आभाळाकडे बघू लागला, कारण त्याची किल्ली सायकललाच लटकत होती. सकाळपासून.

"बावळट," ताई मायेने म्हणाली.

घराच्या ओसरीवर सगळे जमले होते. भाऊ घामाने निथळत टेबलाकडे गेला. तिथे तोटी लावलेली पाण्याची मोठी काचेची बरणी होती. त्याने पेला धरून तोटी उघडली. चार घोट पाणी आलं आणि थांबलं. बरणी तर भरलेली. त्याने तोटी पिळली, थोपटली, हळूच एक फटकाही दिला. आज सगळ्या निर्जीव वस्तूंनी त्याच्याविरुद्ध कट केला होता. शेवटी ताईने येऊन बरणीचं झाकण जरा सैल केलं आणि पाण्याची धार लागली.

"झाकण वर आहे आणि पाणी खालून येतं," भाऊ कुरकुरला. "तळघरातही तुझं असंच." तिथे सगळे खाली तोटीकडे बघत होते तेव्हा ही बाई स्टुलावर चढून पिंपाच्या पाठीवरचं लाकडी बूच दोन्ही हातांनी ओढत बसली होती. ते तसूभरही हललं नव्हतं. भाऊ तोवर शिंका देत होता, कारण तळघरात लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास नाकात चढत होता आणि चिलटं तोंडावर बसत होती. वाईनचा एवढा बोलबाला आणि वास हा असा, म्हणून तो मनातून खट्टूच झाला होता.

"त्या वासाचं पुन्हा सांग," ताई म्हणाली. भाऊने पुन्हा सांगितलं. ताईने मान हलवली आणि एकेकाला विचारायला निघाली.

पहिले काका. काका म्हणजे मालकीणबाईंचे दीर, ठेंगणे, गोल, गुडघ्याला पट्टा. त्यांना ही सायकलवाली मंडळी मुळात नकोच होती आणि ते लपवायच्या भानगडीतही ते पडले नाहीत. वहिनीला हजारदा सांगितलं की परक्या माणसांना तळघरात नेऊ नका. पण जेवणाच्या वेळी काका याच ओसरीवर आरामखुर्चीत घोरत होते, हे सगळ्यांनीच ऐकलं होतं. खालच्या तळघराची दुसरी किल्ली कुठे असते, हे विचारल्यावर ते म्हणाले की स्वयंपाकघरात खुंटीला, येताजाता कोणीही घ्यावी.

मग नवं जोडपं. सहलीतले बाकीचे दोघे हेच. जेवण झाल्यावर ते मळ्यात फोटो काढत होते आणि एकमेकांशिवाय त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. नवरा ताडमाड उंच होता, म्हणून भाऊचा त्याच्यावर एकदम संशय बसला. पण त्याला पिंप कुठलं हेच आठवेना. "ते मधलं ना?" असं त्याने दोनदा विचारलं. त्याची सायकल मागे उभी होती आणि किल्ली खिशात होती.

शेवटी जावई. मालकीणबाईंचा हा जावई, वायनरीत वाईन बनवायचं काम त्याच्याकडे. ओसरीच्या दारातून बाहेर येताना तो सवयीने डोकं वाकवत आला. सगळे जेवत होते तेव्हा तो वरच्या मळ्यात द्राक्षं बघत होता, जेवायला उशिरा आला. तो इतका मऊ बोलला की भाऊला तो आवडूनच गेला. सासूबाईंना तो म्हणाला, "आई, जाऊ द्या ना. पोर आहे, झाली चूक. फोन नका करू, नुसती समज द्या."

"मी चूक केलीच नाही," गाईड म्हणाली. तिचा आवाज फाटला. "सकाळी तुम्हीच सांगितलंत की आज त्या पिंपातली वाईन कोणाला चाखवू नकोस. एरवी मी प्रत्येक सहलीला एकेक घोट देते. आज तर मी त्याच्या जवळपण गेले नाही."

"परीक्षक येणार होते म्हणून सांगितलं," जावई म्हणाला.

भाऊला वाटलं, संपलं. सगळ्या वाटा बंद. काका झोपलेले, जोडपं हवेत, जावई मळ्यात, आणि मालकीणबाई तर सगळ्यांना आग्रह करून वाढत होत्या. उरली ती बिचारी मुलगी. मालकीणबाईंनी फोन हातात घेतला.

"एक मिनिट, बाई," ताई म्हणाली. "फोन कराच. पण आधी मला जरा पाणी द्या."

मालकीणबाईंना हे विचित्र वाटलं, पण पाहुण्याला पाणी नाही कसं म्हणणार? ताईने बरणीचं झाकण दाबून घट्ट बसवलं होतं. बाईंनी तोटी उघडली, चार घोट आले, धार तुटली.

"वरून हवा आत गेल्याशिवाय खालून काही बाहेर येत नाही," ताई म्हणाली. "पिंपाचंही तसंच. बूच माझ्या दोन हातांनी हललं नाही, इतकं घट्ट होतं. या मुलीने तोटी उघडी टाकली असती तर थोडी वाईन सांडली असती आणि थांबली असती. पण पिंप तर पूर्ण रिकामं आहे. म्हणजे कोणीतरी बूच काढलं, तोटी उघडली आणि सगळं वाहून गेल्यावर बूच पुन्हा ठोकून बसवलं."

"रिकाम्या पिंपाला बूच कशाला ठोकेल कोणी?" भाऊने विचारलं.

"विचार करून नाही ठोकत, भाऊ. पिंप उघडं म्हणून सोडायचं नाही, हे ज्याच्या हातात वर्षानुवर्षं मुरलंय, त्याचा हात आपोआप हातोडीकडे जातो. सहलीला आलेला माणूस हे करणार नाही. ही मुलगी करणार नाही. हे तळघरात काम करणाऱ्याचं काम आहे."

काका खुर्चीत सरळ झाले.

"आता माझ्या भावाची सायकल. जेवणाआधी बॅटरी भरलेली, नंतर संपत आलेली. जेवणाआधी पाय टेकत होते, नंतर टेकेनात, कारण सीट वर गेली होती. जोर टर्बोवर, ज्याला हा हातही लावत नाही. म्हणजे आपण जेवत असताना कोणीतरी ही सायकल घेऊन भरधाव खाली गेलं आणि तो खडा चढ चढून वर आलं. गाडी काढली असती तर इथे आवाज आला असता. चालत जायला वेळ पुरला नसता. सायकल मागच्या वाटेने चूपचाप जाते."

ताईने नव्या नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही उंच आहात, पण तुमच्याकडे तुमच्या मापाची सायकल होती. या मुलीचीही स्वतःची होती. ज्याच्याकडे सायकलच नव्हती, त्याने किल्ली लटकत असलेली सायकल उचलली. काकांच्या उंचीला सीट वर करावी लागली नसती, आणि काका घोरत होते. घरातला, उंच, तळघरात मुरलेला आणि जेवताना हजर नसलेला माणूस एकच आहे."

सगळ्यांचे डोळे जावयाकडे वळले. भाऊचेही. त्याला स्वतःचाच राग आला. आवडायला हाच माणूस मिळाला होता?

"पण का?" मालकीणबाई म्हणाल्या. "यांनी का करावं?"

"कारण ते आधीच गेलं होतं, बाई. तळघरात आंबट वास होता, चिलटं होती. तासाभरापूर्वी सांडलेली वाईन अशी आंबत नाही. ती पिंपातच आंबली होती, आणि वरून भरायचं राहिलं की ती आंबते. म्हणून आज कोणाला घोट द्यायचा नव्हता. उद्या परीक्षकांनी चाखली असती तर दोष कोणाचा हे पहिल्या घोटालाच कळलं असतं. सांडली, तर मात्र सहलीवाल्या मुलीचा."

जावयाने दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"इतर पिंपांतली वाईन कमी होत होती," तो म्हणाला. "यातलीच काढून त्यांत भरली. म्हटलं, नंतर हे भरू. मग हंगामाच्या गडबडीत राहिलं ते राहिलंच. वास आला तेव्हा उशीर झाला होता. आई, तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार होतो मी? बाबांचं शेवटचं पिंप."

"पिंप जातं," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माझ्यापाशी येऊन रडला असतात, तर मीही रडले असते आणि संपलं असतं. पण तुम्ही दुसऱ्याच्या लेकीवर घातलंत हो. आणि मीही तिचं ऐकून घेतलं नाही."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि गाईडला म्हणाल्या की जा, आता फोनबिन काही होणार नाही, झालं गेलं विसरून जा.

भाऊने सुटकेचा श्वास सोडला. पण गाईड हलली नाही. दुपारभर रडून तिचे डोळे लाल होते, आता गालही लाल झाले.

"नाही," ती म्हणाली. "फोन करा. खाली तुमच्या कामगारांसमोर तुम्ही मला नावं ठेवलीत. ते आज ना उद्या ऑफिसपर्यंत जाणारच. नुसता फोन केला नाही म्हणून मी चांगली ठरत नाही. फोन करा आणि काय झालं ते सांगा."

काका काहीतरी पुटपुटले, घरातली गोष्ट बाहेर कशाला वगैरे. मालकीणबाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि नंबर लावला. पलीकडून कोणीतरी फोन उचलला. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द येईना.

जावई उठला. ओसरीच्या आडव्या तुळईला त्याचं डोकं खाडकन आपटलं, तरी त्याने तिकडे हात नेला नाही. त्याने सासूबाईंच्या हातातून फोन घेतला.

"मी बोलतो," तो म्हणाला आणि गाईडकडे बघत बोलायला लागला.