नारळ फोडण्याआधी

साहेब, तुमच्या सहीनं एक माणूस मेला.

गाडी धड आहे, असं तुम्ही आरटीओच्या कागदावर लिहून दिलंत. तिच्याखाली न वाकता लिहून दिलंत. माणूस मेल्यावर पुन्हा आलात, रस्त्याच्या कडेला उभे राहिलात आणि लिहिलंत, गाडीत दोष नाही, चूक चालकाची. तेव्हाही वाकला नाहीत. तुम्हाला वाटलं, झालं, मिटलं. मिटलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत आठवीतली तीन पोरं मांजरसुंब्याला गेली, तिथं काय झालं ते ऐका.

"परव्या, तुझ्या खिशात भंगाराचं दुकान हाय का बे?" अमरसिंह म्हणाला. प्रविणच्या चड्डीच्या खिशातून फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक डोकावत होतं आणि त्याला दोन खिळे लोंबत होते.

"दुकान न्हाई, बँक हाय," प्रविण म्हणाला. "तुझ्या आबांची जीप चालली न्हाई तर याच खिशात घालून आणू."

ऋतुजा हसली नाही. ती यायलाच तयार नव्हती. तिची आई मंगल ऊसतोडीला गेलेली, ती आत्याकडं राहत होती. सुट्टीत एकटी बसून काय करशील, म्हणून अमरसिंहनं तिला बळंच आणलं होतं. वडील गेल्यापासून ती जीपमध्ये बसली नव्हती.

अमरसिंहचे आजोबा सुंदरराव म्हणजे युसूफ वडगावची मोठी असामी. नात संस्कृतीचं लग्न ठरलं होतं, नवरदेव बीडचा. तिची पाठवणी साध्या गाडीतून कशी करायची? मांजरसुंब्याला धाब्यांच्या मागं शिवशंकरचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. तिथं त्यांनी एक जुनी जीप हेरली. दुधी रंग, पुढची काच बोनेटवर आडवी पाडता येणारी, आणि किंमत इतकी कमी की सुंदरराव घरी येऊन दोन दिवस खूश होते. हीच जीप फुलांनी सजवायची आणि घाट उतरून बीडला न्यायची.

सुंदररावांबरोबर पोरं आवारात शिरली तेव्हा शिवशंकरनं जीपला झेंडूचा हार घातला होता. चाकांखाली लिंबं होती, बोनेटवर उदबत्ती आणि नारळ.

आमच्याकडं हे असंच चालतं. आधी पूजा, मग गाडी. नारळ फुटला की सौदा पक्का. मग त्या गाडीला नावं ठेवणं म्हणजे दारात आलेल्या लक्ष्मीला नावं ठेवणं. गाडी विकणाऱ्यांना हे बरोबर ठाऊक असतं. म्हणून गिऱ्हाईक दिसलं की त्यांच्या हातात किल्लीच्या आधी नारळ येतो.

"आबासाहेब, चहा घ्या, मग नारळ वाढवू," शिवशंकर म्हणाला. "पासिंग नवं करून घेतलंय. कागद बघा, ताजी सही हाय."

सुंदररावांनी कागद बघितला. गाडी बघितली नाही. कागद घडी करून खिशात घातला आणि ते चहाला बसले.

अमरसिंह स्टेअरिंगवर जाऊन बसला. ऋतुजा जीपपाशी आली. तिच्या वडिलांच्या जीपमध्ये पुढच्या सीटखाली हत्यारं ठेवायची पेटी असायची. त्यात ती बोरं लपवायची. हात आपोआप तिकडं गेला. तिनं पेटीचं झाकण उचललं.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक लहान लाल पंजा उमटलेला होता.

ऋतुजानं आपला हात त्यावर ठेवला. बोटं चारी बाजूंनी बाहेर गेली. हात वाढला होता.

"ऋते, काय झालं गं?" अमरसिंहनं विचारलं.

"ही आमची जीप हाय."

"येडी का? तुमची तर हिरवी व्हती."

"रंग दिलाय. पोळ्याला बैलांच्या शिंगांचा रंग उरला व्हता. अण्णांनी माझा हात त्यात बुडवून इथं छापला. मालकिणीचा शिक्का म्हणले."

ऋतुजाच्या वडिलांची, धुळाजीकाकांची, जीप घाटात उलटली हे सगळ्या गावाला माहीत होतं. पिऊन चालवत असेल, असं गाव म्हणायचं. धुळाजीनं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. पण चूक चालकाची असं साहेबानंच लिहिल्यावर लोकांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? मंगल चार बायकांत मान वर करून बसेनाशी झाली ती तेव्हापासून.

"अण्णांनीबी हितूनच घेतली," ऋतुजा म्हणाली. "आधी नारळ फोडला. मग चाकावरचा पाटा वाजतोय असं वाटायला लागलं, तर आत्या म्हणली, पूजा झालेल्या गाडीला नावं ठेवू नयेत. अण्णा गप बसले. मला खालून बघायचंय. आत्ता."

"आबा चहा संपवतेत बघ," अमरसिंह म्हणाला. "नारळ फुटला तर ते माझ्या बापाचंबी ऐकणार न्हाईत."

"मग नारळच नसला तर?" प्रविणनं विचारलं.

पुढच्या क्षणी बोनेटवर फक्त उदबत्ती उरली. नारळ सदऱ्याखाली घेऊन प्रविण धाब्याच्या मागं गेला, तो मोकळ्या हातानं परत आला. शिवशंकर नारळ शोधत सगळ्या आवारात फिरला, कुत्र्याला शिव्या दिल्या आणि शेवटी स्वतःच चौकातल्या दुकानाकडं पळाला.

तिघं जीपखाली सरपटत गेली. वरून लग्नाच्या नवरीसारखी दिसणारी गाडी खालून नुसती काळी होती. गाडीचा सगळा भार पेलणारा लोखंडी सांगाडा, त्याला चेसी म्हणतात, तिच्यावर प्रविणनं लोहचुंबक लावलं. कटकन चिकटलं. मागून पुढं सरकवत आणलं. पुढच्या पाट्याजवळ ते सुटलं आणि त्याच्या नाकावर पडलं.

"आई गं. हितं चिकटत न्हाई."

"कावून?"

"लोखंडच न्हाई तर चिकटंल कशाला?"

ऋतुजानं पेटीतला पेचकस घेतला आणि तिथं टोचला. काळा रंग गळाला. त्याखाली पुट्टी होती, भिंतीच्या गिलाव्यासारखी. पुट्टीचा पोपडा पडला आणि आतून गोणपाटाची चिंधी लोंबायला लागली. भोकात कोंबलेली. तिनं ती ओढली. भोवतीचा गंज भाकरीच्या चुऱ्यासारखा तिच्या तोंडावर पडला. तिची चार बोटं चेसीतून आरपार गेली.

"अण्णांचं चाक हितंच दुमडलं," ती म्हणाली.

"कार्ट्यांनो, बाहेर निघा. कपड्यांचं काय केलं हे?" सुंदररावांचे जोडे जीपजवळ येऊन थांबले. मागून शिवशंकर नवा नारळ घेऊन धापा टाकत आला.

"आबा, तुमी खाली वाका," अमरसिंह म्हणाला.

"माझे गुडघे धरलेत रे."

"ताईला घाटातून ह्याच्यात बसवणार ना? मग वाका."

मतं मागतानाच काय ते वाकलेले सुंदरराव त्या दिवशी मातीत आडवे झाले. त्यांनी भोकात बोट घातलं. उठले तेव्हा पांढऱ्या सदऱ्यावर गंज होता.

"पोरासोरांचं काय ऐकता आबासाहेब," शिवशंकर म्हणाला. "साहेबाची सही हाय की."

"माझ्या अण्णांच्या टायमालाबी हाच साहेब व्हता का?" ऋतुजानं विचारलं आणि पेटीचं झाकण उघडून धरलं. "धुळाजी. तुमीच ही इकलती त्यांना."

शिवशंकरनं पंजा बघितला. "भंगारात आली व्हती पुन्हा," तो पुटपुटला. "म्या रंगवली. माणूस गेल्यावर गाडीनं काय करावं मग?"

सुंदररावांनी तिथूनच पोलिसांना फोन लावला. शिवशंकरला गाडीजवळून हलू दिलं नाही. मग त्यांनी ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, पोरी. आमच्या घरावरचं मरण परतवलंस."

"आबा, अपघाताच्या पंचनाम्यावर पंच म्हणून तुमीच सही केलती," ऋतुजा म्हणाली. "तवा वाकून बघितलं व्हतं का?"

अमरसिंहला हे माहीत नव्हतं. त्यानं आजोबांकडं बघितलं.

"साहेब लिहून घेऊन आलता. म्या निस्ती सही केली," सुंदरराव म्हणाले. "धुळाजीची चूक नव्हती. हे मी पोलिसांपुढं सांगीन, गावापुढंबी सांगीन."

त्यांनी मंगलला फोन लावला. उसाच्या फडात पाचट वाजत होतं. मंगलनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरीचा हात अजून हाय का तिथं?"

"हाय, आई," ऋतुजा म्हणाली. "पुसला न्हाई."

प्रविणनं धाब्याच्या मागून पहिला नारळ आणला. "आता ह्याचं काय करायचं?"

ऋतुजानं तो घेतला. फोडला नाही.

सुंदररावांनी शब्द पाळला, गावानं आपलं बोलणं मागं घेतलं, मंगल आता मान वर करून बसते. धुळाजी मात्र परत आला नाही. आणि साहेब, सुंदररावांच्या खिशातल्या त्या कागदावर ती जीप तुम्हीच तिसऱ्यांदा धड ठरवली होती. नारळ आत्याच्या घरात कोनाड्यात आहे. जवाब मिळाल्यावर फोडीन, असं ती पोरगी म्हणते. तो वाळून खडखडायला लागलाय. म्हणून विचारतो, तिच्या वतीनं आणि उघड विचारतो: साहेब, तुम्ही एकदा तरी वाकला होतात का? हो की नाही?