ओली माळ आणि राखण्या

उबवणपेटीची काच हाताला चटका देत होती, आणि राखण्या मात्र सांगत होता, "तापमान कमी आहे. ऊब वाढवतो."

हे कसं शक्य आहे?

"आजोबा, लवकर या!" केतकी ओरडली.

तिचे आजोबा माळढोक पक्षी वाचवणाऱ्या केंद्रात शास्त्रज्ञ होते. माळरानावरच्या शेवटच्या मादीचं एकुलतं एक अंडं त्या पेटीत होतं. ते सांभाळायला राखण्या नावाचा यंत्रमानव नेमला होता.

आजोबांनी पेटी उघडली. आत संवेदकावर (तापमान ओळखणाऱ्या कांडीवर) झेंडूची माळ होती, ओलीचिंब.

"ही कोणी घातली?"

"मी. आज खंडेनवमी ना! तुम्हीच म्हणालात, एकही यंत्र पूजेवाचून ठेवू नकोस. फुलं सुकू नयेत म्हणून पाणीही शिंपडत होते."

आजोबांनी माळ काढली. थोड्या वेळाने राखण्याने हीटर आपणहून बंद केला. त्यांनी अंडं दिव्यासमोर धरलं. काल आत एक लाल ठिपका धडधडत होता. आज काहीच हललं नाही.

"आजोबा, रागवा ना मला."

"रागवून काय होणार? बस इथे. आंघोळीचं पाणी कसं विसणतेस?"

"हात घालून बघते. गार लागलं तर गरम ओतते, परत बघते."

"परिणाम बघायचा आणि त्यावरून पुढची कृती सुधारायची. याला प्रत्याभरण म्हणतात. राखण्याही तेच करतो. संवेदक हा त्याचा हात. फुलांतलं पाणी वाफ होताना कांडीची उष्णता घेत राहिलं. त्या हाताला सगळं गारच लागलं."

"म्हणून तो गरम करतच राहिला," केतकी हळूच म्हणाली. "पण मग दुसरी कांडी का नव्हती?"

आजोबांनी अंडं टेबलावरच्या कापसावर ठेवलं. "राखण्या चुकत नाही, असं आम्ही मोठ्यांनी धरून चाललो. तो चुकलाही नाही. खोट्या खबरीवर त्याने चोख काम केलं."

"दोन कांड्या लावू. दोघींचं जुळलं नाही, की त्याने आपल्याला हाक मारायची."

"बरोबर."

"ती मादी पुढच्या वर्षी अंडं घालेल?"

"जगली तर."

केतकीने डोळे पुसले आणि खणातून दुसरी कांडी काढली. तिची वायर ती जोडू लागली.

मागे राखण्याने रिकाम्या पेटीत डोकावून पाहिलं.

"तापमान योग्य आहे," तो म्हणाला.