करिअर : थॅलेसेमिया

वधूवर मेळाव्यात मुली लाजतात म्हणे. वल्लरी मात्र चांगलीच चिडली होती. मेळावा भरवणाऱ्या मनोरमाबाईंना तिनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "मी थॅलेसेमियाची कॅरियर आहे, फॉर्ममध्ये लिहा." बाईंनी इमानेइतबारे लिहिलं, आणि आता ते तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर छापून आलं होतं – 'वल्लरी. करिअर : थॅलेसेमिया.'

बिल्ला उलटा करून ती दाराकडे निघाली, तोच एक उंच मुलगा आडवा आला.

"मॅडम, दोनच मिनिटं… माझ्या भाचीला थॅलेसेमिया आहे. मघाशी तुमचा बिल्ला वाचला. तुमचं काम त्यातलंच आहे ना, म्हणून–"

"काय भिया," ती इंदुरी ठसक्यात म्हणाली, "मी बडा गणपतीजवळच्या शाळेत भूगोल शिकवते. ते करिअर नाहीये, मी कॅरियर आहे. मतलब, दोष रक्तात आहे, पण मला आजार नाही."

त्यानं उलट्या बिल्ल्याकडे पाहिलं. मग इतकं मनापासून हसला, की तिलाही हसू फुटलं.

हा नचिकेत. मूळचा सांगलीचा, नोकरीसाठी इंदूरला बहिणीकडे राहायला आलेला. बहिणीच्या सहा वर्षांच्या इरावतीला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागायचं, आणि तेव्हा तिला मांडीवर घेऊन बसायचं काम मामाचं.

मग शाळा सुटली की चहा ठरलेला.

"आता मी चालली जाते," ती उठायची.

"'चालली जाते' कुठली मराठी गं?"

"आमची. तुझी शुद्धवाली सांगलीत ठेवून ये."

तुम्हीचं तू कधी झालं, ते तिच्या बरोबर लक्षात होतं. त्याच्याही असावं, कारण त्या दिवशी त्यानं चहा दोनदा मागवला होता.

याआधी तीन स्थळं तो एक शब्द ऐकून मागे फिरली होती. नवरा कॅरियर नसेल तर मुलांना हा आजार होत नाही, हे तिनं तिघांनाही समजावलं होतं. तिघांनीही माना डोलावल्या होत्या. हा मात्र पळाला नाही… आणि म्हणूनच तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. इरावतीला आजार, म्हणजे त्याची बहीण कॅरियर. मग भाऊ?

"तू टेस्ट केलीस?" तिनं एकदा विचारून टाकलं.

तो उगाच चहा ढवळत बसला. "इतकी वर्षं टाळली. आता करतो. आता… कारण आहे." त्यानं वर पाहिलं, तर ती रस्त्यावरच्या रिक्षा मोजत होती.

रिपोर्टला चार दिवस लागणार होते. वल्लरीचं चित्त कशात लागेना. तिसऱ्या दिवशी तिनं भर वर्गात नर्मदा बंगालच्या उपसागराला नेऊन मिळवली आणि सहावीच्या मुलींनी ती परत आणली.

चौथ्या दिवशी तो शाळेच्या फाटकाशी उभा होता. चेहऱ्यावरूनच तिला कळलं.

"मीपण," तो म्हणाला.

"चारात एक बाळ आजारी व्हायची शक्यता," तिच्या तोंडून निघालं. "दर वेळी."

"हो. अकराव्या आठवड्यात पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. पण तेव्हा जे ठरवावं लागेल, ते… वल्लरी, दुसरा कोणी मिळाला तर तुझ्यासमोर हा प्रश्नच येणार नाही. मी आड येणार नाही."

"आणि तुला काय पाहिजे?"

"तू. पहिल्या दिवसापासून."

तिला रडू आलं, रागही आला. आजवर लोक तिला नाकारत आले होते. नाकारायचा हक्क आज पहिल्यांदा तिच्याकडे आला होता, आणि तो तिला मुळीच नको होता.

"इरावतीला परत रक्त कधी आहे?"

"गुरुवारी."

"मी येते. सुई टोचताना ती रडते का, तुझी बहीण तेव्हा कुठे बघते… सगळं बघू दे मला. डोळे झाकून 'हो' नाही म्हणायचं मला."

"आणि बघून भीती वाटली तर?"

"वाटणारच यार," ती म्हणाली आणि मुलींच्या देखत तिनं त्याचा हात धरला. "घाबरत घाबरत हो म्हणेन."