बांधावरचा एक चौकोन

आमच्या खालच्या देवराईत एकच शेकरू उरलं होतं. लांब शेपटीची ती मोठी खार दिवसभर एकटीच ओरडायची आणि मला फार वाईट वाटायचं. पलीकडच्या जंगलात तर सात-आठ शेकरं होती. मग हे तिकडे का जात नव्हतं? बरं, गावात दहा वर्षांत कुणी एकही झाड तोडलेलं नव्हतं. बाबा हे छाती फुगवून सांगायचे.

सुट्टीत बनूआत्या आली. ती जंगलांचा अभ्यास करते. सोबत ठिपक्या होता, टोपलीएवढा उडता रोबो. त्याने दोन दिवसांत डोंगर पालथा घातला आणि पडवीत जमिनीवर उजेडाचे चौकोन पाडले. हे जंगलाचं प्रतिरूप (गणिताने केलेली नक्कल), असं आत्याने सांगितलं. जिथे वर फांद्या, तो चौकोन हिरवा, बाकी पिवळे. शेकरू जमिनीवर सहसा उतरत नाही, म्हणून हिरवं तेवढाच त्याचा अधिवास (राहायची-फिरायची जागा). एक पिवळा चौकोन ते उडीत ओलांडतं, सलग दोन नाही.

ठिपक्याने नकाशात खोटं शेकरू सोडलं. ते टुणटुण निघालं आणि आमच्या बांधाशी अडलं. पुढे तीन पिवळे चौकोन होते. मी घाईघाईने बोट फिरवून टेकडीवरचे शंभर चौकोन हिरवे करून टाकले. शेकरू जागचं हललं नाही. मग वैतागून त्या तिघांतला मधला एकच हिरवा केला, तर दोन उड्यांत स्वारी जंगलात.

"हिरवं किती आहे, एवढ्याने भागत नाही," आत्या म्हणाली. "ते कुठे आहे आणि एकमेकांना जोडलेलं आहे का, हेही बघावं लागतं."

तो चौकोन ठिपक्याने जवळून दाखवला. तिथे आमचंच ऐनाचं झाड उभं होतं. राबासाठी, म्हणजे भाताची रोपं टाकण्याआधी जमीन भाजायला, बाबा दरवर्षी त्याच्या सगळ्या फांद्या उतरवायचे. झाड जागेवर, पण पार बोडकं. मला शेजारी बसलेल्या बाबांचा राग आला, आणि त्यांचा चेहरा बघून दयाही आली.

"झाड तोडलं नाही, एवढंच मी बघत राहिलो," बाबा हळूच म्हणाले.

त्या वर्षी त्यांनी राबाला गवत आणि पालापाचोळा गोळा केला. पाठ मोडून गेली, कुरकुरही पुष्कळ केली, पण ऐनाला कोयता लावला नाही.

तिसऱ्या वर्षी भात कापताना डोक्यावर फांदी हलली. ऐनावर आमचं शेकरू होतं, आणि त्याच्यामागे जंगलातून आलेलं दुसरं. बाबा विळा हातात धरून कितीतरी वेळ वर बघत उभे राहिले.

ठिपक्याच्या नकाशात पुढच्या गावापर्यंत अजून बरेच पिवळे चौकोन आहेत. तिथल्या बांधांवर कुणाकुणाचे ऐन आहेत, हे विचारत आता बाबाच फिरतात.