निवांत इंजिन आणि चार लिटर तेल

ट्रक जिवाच्या आकांताने ओरडत होता, आणि मागे मागे सरकत होता!

सकाळचे साडेआठ. रेल्वेच्या पुलाचा चढ. ट्रकवर भिवापुरी मिरच्यांची पोती, मागे रिक्षा, सायकली आणि दोन खोळंबलेल्या बैलगाड्या. शिकवणीवरून परतणाऱ्या उत्तराने सायकल कठड्याला टाकली आणि धावत जाऊन मागच्या चाकाखाली धोंडा सरकवला.

"धोंडबाकाका, गिअर टाका ना!"

"टाकलेलाच आहे वं पोरी!" धोंडबाने स्टिअरिंगवर कपाळ आपटलं. "इंजिन बोंबलून राहिलं, पण चाकं ऐकूनच नाही राहिली!"

हा ट्रक साधासुधा नव्हता. गेल्या वर्षी अपघातात धोंडबाचा डावा पाय निकामी झाला आणि क्लच दाबणं संपलं. म्हणून दीड महिन्यापूर्वी उत्तराच्या बाबांनी, रुपराव मिस्त्रींनी, खाणीतल्या जुन्या डंपरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ह्या ट्रकला बसवला. क्लचच नाही! उमरेड रोडवर असा ट्रक दुसरा दाखवा. पण तेव्हापासून हा गिअरबॉक्स तीनदा उघडून झाला होता. ही चौथी वेळ.

ट्रक ओढत गॅरेजात आणला तेव्हा ट्रकचे मालक भैय्याजी फाटकातच उभे होते.

"रुपराव, आता पुरे. चार वाजता येतो. भरला ट्रक पूल चढला तर ठीक. नाही तर हा डबा भंगारात, जुना गिअरबॉक्स परत, अन् धोंडबाची सुट्टी."

धोंडबा डाव्या पायाची चप्पल हाताने सरळ करत बसला.

उत्तराला असा संताप आला की बस्स! दहावीच्या सराव परीक्षेत इंग्रजीत वर्गात पहिली आली होती ती. गिअरबॉक्ससोबत आलेली माहितीपुस्तकाची चार फाटकी पानं डिक्शनरी घेऊन तिनेच मराठीत आणली होती. तिच्या टपोऱ्या अक्षरातलं कार्ड अजून केबिनमध्ये चिकटलेलं होतं: 'रोज सकाळी इंजिन निवांत असताना तेल पाहावे. तेल मोजण्याच्या पट्टीवरील खुणेच्या वर असल्यास जास्तीचे काढावे.' खाली सही: अनुवाद, कु. उत्तरा.

"बाबा, नेमकं घसरतंय काय?"

रुपराव ट्रकखालून बोलले. "दोन पंखे समोरासमोर ठेव. एक चालू कर. त्याच्या हवेनं दुसराही फिरते. बरोबर? इथं हवेच्या जागी तेल आहे. इंजिन एक पंखा फिरवते, तेल दुसऱ्याले ढकलते, अन् गाडी चालते. तेल कमी झालं की फेस होते. फेस काय ढकलणार, कपाळ?"

"मग तेल कमी झालंय?"

"तेच तर! दर वेळी सोळा लिटर मोजून भरतो. त्या दिवशी गाडी हरणासारखी पळते. दुसऱ्या दिवसापासून बोंब. अन् उघडलं की निघते बारा. आज बी बाराच."

"गळत असेल."

"रात्रभर खाली पेपर अंथरले. थेंब नाही."

चार लिटर तेल. गळत नाही, जळत नाही. मग जातं कुठं?

"चोरी!" उत्तराने वहीचं कोरं पान उघडलं.

पहिला संशयित, ओमप्रकाश. बाबांच्या हाताखालचा मिस्त्री. फाटकाची दुसरी किल्ली त्याच्याकडे. तो एका जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता.

"ओमप्रकाशभाऊ, तेल तुम्ही चोरलं?"

"व्वा! दारोगाबाई आल्या!" त्याने पान्हा आपटला. "हे लाल तेल मी काय भाजीत टाकू? माझ्या जीपले चालते का ते?"

"सकाळी पहिले कोण येतं?"

"धोंडबा. तुमच्या घरून किल्ली नेते अन् इथं उभा ट्रक काढते. मी नऊला. आधी उशीर झाला की फाटक कुरकुर करून अख्ख्या गल्लीले सांगे. आता तेही बिचारं मुकं झालं."

दुसरा संशयित, धोंडबा.

"काका, तेल तुम्ही चोरलं?"

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. "पोरी, तीस वर्षं गाडी हाकून राहिलो. दुसऱ्याच्या टाकीतला थेंब नाही चोरला. तू विचारतं मले?"

तिला इतकी लाज वाटली की वही मिटवून ती फाटकाकडे पळाली. आणि तिथेच थबकली. फाटक ढकललं. आवाज नाही. बिजागरीवर बोट फिरवलं. बोट लाल! मिरची? वास घेतला. मिरची नव्हे, तेल.

म्हणजे तेल फाटकाला लागलं होतं. पण चोरलेलं तेल कोणी असं दाराला लावून ठेवतं का? आणि धोंडबाकाका खोटं बोलतील? छे! मग ओमप्रकाश? दुपारचे दोन वाजले. उत्तर दोन हातांवर होतं आणि सापडत नव्हतं. तिने पेन्सिलीचं टोक दातांनी तोडलं.

तेवढ्यात जीपचं इंजिन धडधडून सुरू झालं, आचके द्यायला लागलं. बाबा ओरडले, "ओमप्रकाश, बंद पडून राहिली ना! आयडलिंग वाढव जरा, आयडलिंग!"

ओमप्रकाशने स्क्रू पिळला. जीप जागेवर उभी, इंजिन संथ लयीत चालू.

आयडलिंग? उत्तराने वही खाली टाकली.

ती धावत केबिनमध्ये चढली. कार्ड वाचलं. मग घरी जाऊन ती फाटकी पानं काढली, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. परत आली ती सरळ ट्रकखाली वाकली. "बाबा, सोळा लिटर भरा. बाकी काही उघडू नका."

चार वाजता भैय्याजी आले. ओमप्रकाशने त्यांना फाटकातच तेलाच्या चोरीचं सांगितलं. "सापडला चोर?"

"चोरी झालीच नाही," उत्तरा म्हणाली. "भैय्याजी, पट्टी बघा. इंजिन बंद आहे."

पट्टी बाहेर आली. तेल खुणेच्या बोटभर वर.

"आता काका, इंजिन सुरू करा. गिअर नको. जागेवर चालू द्या." दोन मिनिटं गेली. "पुन्हा बघा."

तेल बरोब्बर खुणेवर!

"इंजिन चालू असलं की तेल वर पंख्यांच्या डब्यात खेचलं जातं. बंद केलं की खाली उतरतं, अन् जास्त दिसतं. ते जास्त नसतंच! कोणीतरी रोज सकाळी बंद इंजिनावर पट्टी पाहत होतं. बाबांनी भरलं की दुसऱ्या सकाळी खुणेपर्यंत काढून टाकत होतं. फाटकाची बिजागरी त्याच तेलानं मुकी झाली."

सगळ्यांच्या माना धोंडबाकडे वळल्या. त्याने सीटखालून पत्र्याचा डबा काढून पुढे केला. काठोकाठ लाल तेल.

"मीच काढलं," तो म्हणाला. "तेल चोरलं काय, असं विचारलं. जास्तीचं काढलं काय, असं कोणी विचारलंच नाही! कार्डावर लिहिलं, तसंच केलं. इंजिन निवांत असताना."

भैय्याजी गुरगुरले, "म्हणजे गुन्हेगार तूच गा!"

"नाही!" उत्तरा मध्ये आली. "पुस्तकात लिहिलंय, इंजिन आयडलिंगवर असताना. डिक्शनरीत आयडल म्हणजे आळशी, काम न करणारा. मी लिहिलं निवांत. बाबांना तो शब्द वाचून दाखवला असता तर त्यांनी लगेच सांगितलं असतं. पण मला वाटलं, मला येतंय सगळं. गुन्हेगार मी आहे."

भैय्याजींनी पट्टी पुन्हा एकदा पाहिली. इंजिन जागेवर धडधडत राहिलं.

"चढव ट्रक," भैय्याजी म्हणाले आणि पायीच पुलाकडे निघाले.

उत्तरा धोंडबाशेजारी केबिनमध्ये बसली. चढ आला. तिने डोळे मिटले. इंजिनाचा आवाज चढला, पण ओरडला नाही. तिने डोळे उघडले तेव्हा खाली रेल्वेचे रूळ चमकत होते आणि पोत्यांसकट ट्रक पुलाच्या माथ्यावर होता! भैय्याजींनी खालूनच हात हलवला: जा, जा, पुढे जा!

उत्तराने कार्ड टराटरा फाडलं. वहीच्या पानावर नवं लिहिलं: इंजिन आयडलिंगवर असताना तेल पाहावे. तिथेच चिकटवलं.

धोंडबाने पान वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"आयडलिंग!" तो म्हणाला. "हे तर लहानपणापासून ठाऊक आहे मले. एवढ्या सोप्या शब्दाचं मराठी काहून केलं वं पोरी?"